कोपराच्या आतली जागा

उरणच्या बाजारपेठेत मासळी बाजाराकडे वळलं की उजव्या हाताला ‘एकविरा फोटो आणि फ्लेक्स’ अशी पाटी दिसते. त्यातला ‘फ्लेक्स’ नंतर वाढवलेला आहे, हे रंगावरून कळतं. आत बसतो तो अल्पेश घरत. कुणाचा वाढदिवस असो, कुणी निवडणुकीला उभा असो नाहीतर कुणी देवाघरी गेलेला असो, फोटो कापायचा तर तो अल्पेशनेच, असं आजूबाजूच्या गावांनी ठरवून टाकलंय. कापायचा म्हणजे कात्रीने नव्हे. संगणकावर माणसाच्या कडेकडेने रेघ फिरवायची, त्याला मागच्या मांडवातून, टेबलफॅनमधून, शेजारच्या मेव्हण्याच्या मिठीतून अलगद सोडवायचं आणि हवं तिथे नेऊन उभं करायचं. दुसऱ्या दुकानांत कापलेल्या माणसाचा अर्धा कान जातो, नाहीतर टकलाभोवती मांडवाची झालर राहते. अल्पेशने कापलेला माणूस मात्र जन्मापासून एकटाच उभा असल्यासारखा दिसतो.

एकटं उभं राहायचा त्याला स्वतःलाच सराव आहे, असं गावातली टवाळ पोरं म्हणतात. चाळिशी ओलांडली, ढीगभर हळदींचे फोटो काढले, किती नवरदेवांच्या मुंडावळ्या सरळ केल्या, पण गडी स्वतः काही बोहल्यावर चढला नाही. त्याची आई सखुबाई आधी रडली, मग भांडली, मग कार्ल्याला जाऊन नवस बोलून आली. आता ती काही म्हणत नाही, फक्त त्याचं ताट वाढताना भांडी जरा जोरात आपटते.

त्याचा बाप मोरू मिठागरात कामाला होता. मीठ ओढताना दांडा जरा खोल गेला की खालचा काळा चिखल मिठात येतो आणि वरवर फिरवला तर निम्मं मीठ तसंच राहतं. मोरूच्या हाताला ती मधली जागा ठाऊक होती. ते मिठागर आता न्हावा शेव्याच्या कंटेनरांच्या थप्प्यांखाली गेलंय, मोरूही गेला. पोराच्या हाती दांड्याऐवजी माउस आला, पण हात बापाचाच राहिला. चिखल न उचलता मीठ तेवढं घ्यायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

बाकीचं शिकवलं दादांनी. दादा म्हणजे नागावचे सुपारीच्या बागा असलेले एक गृहस्थ. बागेपेक्षा कॅमेऱ्यात जीव जास्त, म्हणून उरणला येऊन त्यांनी हा स्टुडिओ थाटला आणि मोरूच्या पोराला हाताशी घेतलं. “कड म्हणजे रेघ नसते रे,” ते सांगायचे. “केसाची कड वेगळी, साडीची वेगळी, गालाची वेगळी. आणि कोपराच्या आतली जागा विसरायची नाही. नवशिका तिथेच फसतो.” कुणी कमरेवर हात ठेवून उभं असलं की हात आणि अंग यांच्यामध्ये एक तिकोनी खिडकी राहते. बाहेरून सगळा माणूस नीट कापला आणि ती खिडकी तशीच सोडली, की मागचा मांडव तिच्यातून डोकावत राहतो. नेत्याच्या बगलेत जिलब्यांची परात दिसतेय, असे फ्लेक्स आपण सगळ्यांनी पाहिलेत.

आणि अमिषा. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय अल्पेशबद्दल काही सांगितलं असं होणार नाही, म्हणून सांगून टाकतो.

अमिषा धाकट्या खारेतली, अल्पेशच्याच गावची. तिचा बाप गुणाजी मिठागराचा मुकादम होता, आवाजानेच माणसाला घाम फोडणारा. आई कोकिळा, म्हणजे गावाची कोकिळाकाकी, अंग चोरून चालणारी, बोलताना तोंडावर पदर धरणारी बाई. अल्पेश दादांबरोबर नवीनच काम शिकत होता, तेव्हा अमिषाच्या चुलतभावाची हळद होती. बेंजो वाजत होता, पोरं हळदीने नखशिखांत माखली होती. दादांनी नवाकोरा डिजिटल कॅमेरा आणला होता आणि दिसेल त्याला ते पकडून उभं करत होते. त्यांनी काकीला उभं केलं, एका बाजूला अमिषाला आणि “तूही ये रे, रोज दुसऱ्यांचेच काढतोस” म्हणत दुसऱ्या बाजूला अल्पेशला. दादा “हसा” म्हणाले आणि त्याच क्षणी काकीच्या पाठीमागून एका हाताने अल्पेशचा हात धरला. घट्ट. हातात नुकत्याच भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, त्या त्याच्या मनगटाला टोचल्या. फ्लॅश पडला आणि हात सुटला. अमिषाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ती नाचायला पळाली.

एवढंच. याच्यापुढे काही घडलं असतं तर गोष्ट निराळी झाली असती. अल्पेशने हिय्या करून आईला त्यांच्या दारी पाठवलं. गुणाजीने सखुबाईला चहा पाजला आणि म्हणाला, “वयनी, दुसऱ्याच्या लग्नात जेवून पोट भरनारा जावय मना नको.” वर्ष उलटायच्या आत अमिषाचं लग्न उलव्याच्या प्रज्योतशी झालं. त्याचे ट्रेलर बंदरात चालत होते. त्या लग्नाचे फोटो काढायला दादा एकटेच गेले. अल्पेशला ताप आला होता म्हणतात. असेलही.

पुढे दादांच्या संगणकाची डिस्क बसली आणि हळदीचे सगळे फोटो गेले. त्या एका फोटोचा एक कागद तेवढा दादांनी काकीला काढून दिला होता, त्याचं काय झालं कुणाला माहीत नव्हतं. अल्पेशने तो फोटो फक्त कॅमेऱ्याच्या पाठीवर, पोस्टाच्या तिकिटाएवढा पाहिला होता. त्याला आयुष्यात एकच गोष्ट विचारायची राहून गेली होती. तो हात तिने खरंच धरला होता, की हळदीच्या धिंगाण्यातली ती एक गंमत होती? गंमत असती तर तो कधीच मोकळा झाला असता. खरं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण हे मधलं लटकणं काही सुटत नव्हतं. आणि परक्याच्या घरी नांदणाऱ्या बाईला असलं विचारायला जाण्याइतका तो निलाजरा नव्हता.

यंदा माघात कोकिळाकाकी गेली. रात्री भाकऱ्या केल्या, सकाळी उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओच्या काचेचा दरवाजा ढकलून गुणाजी आत आला. त्याचा तो आवाज पार खाली बसला होता आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मागे प्रज्योत, आणि त्याच्या मागे अमिषा.

“अल्पेश, काकी गेली रं तुजी,” गुणाजी म्हणाला आणि खुर्ची चाचपत बसला.

“कळलं, काका. स्मशानात आलू व्हतू मी.”

“आलतास? मना काय दिसलंच न्हाय त्या दिवशी.”

प्रज्योतने पिशवीतून एक पाकीट काढलं. “भाऊ, बॅनर पायजे नाक्यावर लावायला आणि एक मोठी फ्रेम, तेराव्याला. प्रॉब्लेम काय हाय, मम्मींचा एकटीचा फोटोच नाय. आधार कार्डवरचा हाय, पण तो बघून लोक घाबरतील. पेटीत साडीच्या घडीत हा एकच भेटला. मस्त हसतायत यात.”

अल्पेशने पाकीट उघडलं. कागद पिवळसर झाला होता, पण रंग शाबूत होते. मध्ये काकी, तोंड भरून हसणारी, एक हात कमरेवर. एका बाजूला अमिषा, दुसऱ्या बाजूला हळदीने माखलेला एक पोरगा. तो पोरगा आपणच आहोत, हे ओळखायला अल्पेशला क्षणभर लागला.

“तूच हायस ना रं तो?” गुणाजी म्हणाला. “मना अमिषा बोलली. बग कशी उबी हाय वाघिनीवानी. सगल्या जन्मात कमरेवर हात ठेवला नसंल तिनं, आन् फोटोत बग. ह्योच पायजे मना. पन एक ध्यानात ठेव. जित्त्या मानसाचा केस पन ऱ्हायला नको त्यात. मेलेल्या मानसाच्या फोटोत जितं मानूस ऱ्हायलं तर मेलेलं त्याला वडून नेतं म्हनतात. तुजी बी काय झलक नको आन् माज्या पोरीची पन नको.”

“न्हाय ऱ्हानार, काका.”

अमिषा भिंतीवरचे नवरानवरीचे नमुने बघत उभी होती. अंगाने जरा भरली होती, चष्मा लागला होता. जाताना फक्त म्हणाली, “उद्या सकाळी बगाया येतो.”

ती मंडळी गेल्यावर अल्पेशने फोटो स्कॅन केला आणि पडद्यावर घेतला. हल्ली सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आलंय. ते दाबलं की यंत्र स्वतःच फोटोतला माणूस हुडकतं आणि त्याच्याभोवती मुंग्यांची रांग चालावी तशी तुटक रेघ फिरू लागते. त्याने ते दाबलं. मुंग्या निघाल्या त्या अमिषाच्या डोक्यावरून काकीच्या डोक्यावर आणि तिथून अल्पेशच्या खांद्यावर उतरल्या. यंत्राला तिघं मिळून एकच माणूस वाटला. अल्पेश जरा हसला. गुणाजीला जे वाटलं नाही ते या बटणाला वाटलं होतं.

मग त्याने पेन टूल घेतलं आणि हाताने कापायला बसला. बिंदू टाकायचा, रेघ ओढायची, वाक द्यायचा, पुढचा बिंदू. काकीच्या कपाळापासून सुरुवात केली. कुंकवाजवळचे भुरभुरे केस एकेक करून सोडवले. खांद्यापाशी अमिषाच्या साडीचा काठ काकीच्या साडीला चिकटला होता, दोन्ही हिरव्या. तो काठ त्याने श्वास धरून बाजूला केला. अमिषा हळूहळू फोटोतून जाऊ लागली, आधी खांदा, मग वेणी, मग गाल. कामाला लागलं की त्याला काही वाटत नसे, हातच काम करी. त्या दुपारी मात्र प्रत्येक बिंदूला वाटत होतं. आपल्याच हाताने तिला दुसऱ्यांदा घालवतोय, असं वाटत होतं. मग स्वतःला काढलं. ते सोपं गेलं.

बाहेरची कड पुरी झाली आणि सवयीने तो कोपराच्या आतल्या जागेकडे वळला. काकीचा कमरेवरचा हात, त्याच्याखाली ती तिकोनी खिडकी. त्याने ती मोठी केली, आणखी मोठी केली, आणि त्याचा हात थांबला.

खिडकीत दोन हात होते. एकमेकांत गुंतलेले. कागदावर मसुरीच्या डाळीएवढी ती जागा, तिथे कुणाची नजर जाणार? पडद्यावर मात्र ती तळहाताएवढी झाली होती. बोटं बोटांत अडकलेली, मनगटावर हिरव्या बांगड्या. आणि हात धरणारीच्या बोटांची पेरं हळदीखालूनही दाबाने पांढुरकी झाली होती. गंमत करणाऱ्याची बोटं तशी होत नाहीत.

तरी तो कामाला लागला, कारण शब्द दिला होता. खिडकीच्या कडेने रेघ फिरवली, तो तुकडा उचलला. एकदम पुसून टाकवेना, म्हणून वेगळ्या थरावर ठेवला. या फोटोंचं काम एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखं असतं, एक थर झाकला तरी बाकीचे राहतात. मग उगाच, कुणी सांगितलेलं नसताना, त्याने त्या दोन हातांच्या मधली कड काढून बघितली. तिचा हात वेगळा, आपला वेगळा. नाही जमलं. दोन्ही हात हळदीने सारखेच पिवळे होते. कुठला अंगठा कुणाचा, काही केल्या कळेना. उरण तालुक्यात ज्याच्या कडेला तोड नाही म्हणतात, त्याला ती कड शेवटपर्यंत सापडली नाही.

त्याने खिडकीत आकाशी रंग भरला आणि काकी एकटी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमिषा आली. प्रज्योत गाडी लावायला जागा शोधत होता. बाजारच्या दिवशी उरणात ती सहज मिळत नाही. अल्पेशने पडद्यावर काकी दाखवली. आकाशी रंगावर, कमरेवर हात ठेवून, हसणारी.

अमिषाने डोळ्यांना पदर लावला. मग चष्मा पुसून ती पुढे वाकली आणि सरळ बोट ठेवलं, कोपराच्या आत.

“इथलं काय केलंस?”

“निलं भरलं.”

“व्हतं ना तिथं?”

“तुना ठाव व्हतं?”

“मना परवा पेटीत फोटो गावला तवा दिसलं. आन् त्या दिवशी काय, मना ठाव नसंल व्हय? मीच धरला व्हता.” ती पडद्याकडे बघूनच बोलत होती. “आयला पाठीत कळलं. मना वाटलं आता वरडंल. तर आय हलू आवाजात बोलली, ‘धर गो, मी हाय तुमच्या पुरं.’ आन् आपल्याला झाकाया कमरेवर हात ठेवून पदर पसरला. झाकाया गेली आन् तिथंच खिडकी उगडी ऱ्हायली बग. येडी माजी आय. म्हनून तर येवरी हसतेय.”

इतकी वर्षं ज्या प्रश्नावर अल्पेश जगला होता, त्याचं उत्तर एवढ्या साध्या आवाजात येईल असं त्याला वाटलं नव्हतं. आनंद झाला म्हणावं तर तो डोळ्यांतून वाहत होता.

“मंग तवा काकांना तू काय बोलली का न्हाय?” शेवटी त्याने विचारलं.

“बोलले ना मी. तीन दिस जेवले न्हाय. आय पन जेवली न्हाय माज्यासंगती. तू इचाराया आलास कवा? तुजी आय आली. तू तापानं पडलास.”

अल्पेशने माउस उगाच इकडून तिकडे सरकवला.

“त्यो तुकडा टाकलास?” तिने विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली आणि एकामागून एक थर झाकत गेला. काकी गेली, आकाशी रंग गेला. काही नसलं की दिसतात तशा करड्या-पांढऱ्या चौकटी पडद्यावर उरल्या आणि त्यांच्या मधोमध ते दोन हात. माणसं नाहीत, हळद नाही, मांडव नाही. दोघांनी ते पाहिलं. बाहेर बोंबिलवालीशी कुणी तरी हुज्जत घालत होतं.

“पुस,” अमिषा म्हणाली.

“ऱ्हाऊ दे ना. कोन बगतं हितं?”

“मी बगन. तुज्याकरं हाय हे मना ठाव ऱ्हायलं तर मी परत येन, अल्पेश. आज फ्रेमचं निमित्त, उद्या वर्षश्राद्धाचं. मना माज्या घरात नीट ऱ्हायचं हाय. प्रज्योत वाईट न्हाय. त्यानं माज्या आयला सोताच्या आयवानी जपली.”

तो हलला नाही. मग तिनेच हात पुढे केला. ती एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात बसते, तिला की-बोर्ड नवा नव्हता. तिने एक कळ दाबली आणि चौकटी तेवढ्या उरल्या.

अल्पेशचा डावा हात आपोआप की-बोर्डवर गेला. केलेलं परत फिरवायची दोन कळांची जोडी असते. ती त्याच्या बोटांना श्वासासारखी पाठ आहे, दिवसातून कितीदा तरी तो ती दाबतो, चुकलेली कड परत येते. त्याची बोटं कळांना टेकली. आणि तेवढ्यात अमिषाने त्याचा हात धरला.

घट्ट. बोटांत बोटं घालून, की-बोर्डवरून उचलून. या वेळी बांगड्या मोजक्याच होत्या, पण टोचल्या तिथेच. तिने तो तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने माउस घेऊन फाइल सेव्ह केली, बंद केली. स्कॅनची दुसरी प्रत नव्हती आणि एकदा फाइल बंद झाली की परत फिरता येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. फाइल बंद झाल्यावरही ती थोडा वेळ हात धरून होती. मग बाहेर प्रज्योतने हॉर्न वाजवला.

“कागद बाबांकरं ऱ्हाईल,” ती फोटोचं पाकीट उचलत म्हणाली. “ते उशाखाली ठेवनार हायत. त्यांना दिसत न्हाय येवरं बारीक.”

तेराव्याला अल्पेश धाकट्या खारेला गेला. ओटीवर फ्रेम ठेवली होती, झेंडूचा हार, समोर दिवा. येणारा जाणारा म्हणत होता, काकी जशी काही आत्ता बोलेल. प्रज्योत प्रत्येकाला सांगत होता की हे भाऊंचं काम, कापलेलं कुठे कळतच नाही. अमिषा आत बायकांत होती. तिने अल्पेशला चहा पाठवला, स्वतः बाहेर आली नाही.

जेवणावळ उठल्यावर गुणाजीने त्याला जवळ बसवलं आणि उशाखालून तो कागद काढला. डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ घेतला. मग दिसत नाही म्हणून अंगठ्याने चाचपत बसला. त्याचा जाडा, मिठाने चिरलेला अंगठा काकीच्या कोपरावर येऊन थांबला.

“अल्पेश, तू व्हतास ना रं तिथं,” तो म्हणाला. “म्हातारी माज्या घरात येवरी कंदी हसली न्हाय. त्या दिवशी काय झालं व्हतं येवरं हसाया? तुना आठवतं?”

अल्पेशने चहाचा कप खाली ठेवला.

“न्हाय, काका,” तो म्हणाला. “दादा हसा बोललं व्हतं. म्हनून हसली असंल.”